‘आतड्याला सूज आहे’ एवढ्यावर गप्प बसू नका

पेण असो की रोहा, पोटाची जुनी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाची फाईल उघडली की त्यात हमखास एक सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो. त्यातली एक ओळ कुणीतरी पेनाने अधोरेखित केलेली असते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची भिंत जाड दिसते, असा तिचा अर्थ. मी विचारतो, “तुम्हाला काय सांगितलंय?” उत्तर ठरलेले असते: “आतड्याला सूज आहे, डॉक्टर.”

बरं, मग औषध काय चालू आहे? इथे मात्र उत्तरे वेगवेगळी. एकाला त्याच सुजेवर टीबीच्या गोळ्या चालू असतात. दुसऱ्याला स्टेरॉईड. तिसऱ्याने वर्षभरात मेट्रोनिडाझोलचे आठ-दहा कोर्स केलेले असतात. चौथ्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे असे आधीच माहीत असते, आणि आता “तो लहान आतड्यात चढला” असे सांगून फक्त गोळ्यांचा डोस वाढवलेला असतो. सूज एक, उपचार चार, आणि यातले दोन उपचार एकमेकांच्या अगदी विरुद्ध. टीबी असताना नुसते स्टेरॉईड दिले तर टीबी पसरतो. क्रोन्स असताना टीबीच्या गोळ्या दिल्या तर सहा महिने फुकट जातात आणि आतडे आतून आक्रसत राहते.

सूज हे निदान नव्हे, ते फक्त वर्णन आहे. गुडघा सुजला म्हणून कुणी “तुम्हाला सूज हा आजार आहे” असे सांगितले तर आपण हसू. पोटाच्या बाबतीत मात्र आपण मान डोलावून औषधे घेऊन घरी जातो. या लेखात मला याविरुद्ध बोलायचे आहे. माझ्या काही व्यवसायबंधूंना ते आवडणार नाही, त्याला इलाज नाही.

आधी जागा समजून घ्या

लहान आतडे साधारण वीस फूट लांब, मोठे आतडे पाच फुटांच्या आसपास. दोन्ही जिथे जोडली जातात ती जागा पोटाच्या उजव्या बाजूला खाली, अपेंडिक्सच्या शेजारी असते. लहान आतड्याचा तो शेवटचा तुकडा म्हणजे टर्मिनल इलियम. बी-१२ जीवनसत्त्व आणि पित्तातले क्षार शरीरात परत शोषले जातात ते इथेच. आणि नेमक्या याच जागेवर टीबी, क्रोन्स, टायफॉईडसारखे जंतुसंसर्ग, वेदनाशामक गोळ्यांचे अल्सर, या सगळ्यांचा डोळा असतो. त्यामुळे इथली सूज पाहून कारण ओळखता येत नाही. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांचा यात दोष नाही. त्यांनी जाडी पाहिली, जाडी लिहिली. चूक होते ती पुढे, त्या ओळीवरून थेट औषध लिहिताना.

आता अल्सरेटिव्ह कोलायटिस. हा मोठ्या आतड्याचा आजार आहे. तो गुदाशयात सुरू होतो आणि मध्ये जागा न सोडता वर वर सरकतो. कुणाचा गुदाशयापुरता राहतो, कुणाचा डाव्या बाजूपर्यंत, कुणाचे पूर्ण मोठे आतडे व्यापतो. जखम आतल्या अस्तरापुरती, उथळ. शौचातून रक्त आणि आव, मुरडा, सारखे संडासला लागणे, रात्री झोपेतून उठून धावावे लागणे, ही लक्षणे. नियम म्हणून तो लहान आतड्यात जात नाही.

या नियमाला एक अपवाद आहे आणि त्याचाच सर्रास गैरवापर होतो. ज्यांचे संपूर्ण मोठे आतडे सुजलेले आहे अशांपैकी काहींच्या, साधारण दहा ते वीस टक्क्यांच्या, टर्मिनल इलियमचे शेवटचे काही सेंटिमीटर लाल झालेले दिसतात. याला बॅकवॉश इलिआयटिस म्हणतात. मोठ्या आतड्यातला मळ सैल पडलेल्या झडपेतून मागे जातो म्हणून सूज येते, अशी जुनी समजूत, त्यावरून हे नाव. ही सूज वरवरची असते. खोल अल्सर नाहीत, आतडे अरुंद होणे नाही. तिला वेगळे औषध लागत नाही, मोठे आतडे शांत झाले की तीही बसते.

यातला कळीचा शब्द “संपूर्ण” हा आहे. तुमचा कोलायटिस फक्त गुदाशयात किंवा डाव्या बाजूला असेल, मधले आतडे निरोगी असेल, आणि तरीही उजवीकडे लहान आतडे सुजलेले असेल, तर ते बॅकवॉश असणे पटत नाही. मधला मोठा पट्टा कोरडा ठेवून पाणी मागे कसे जाईल? अशा वेळी पहिले निदान पुन्हा तपासायला हवे. तसेच सूज दहा सेंटिमीटरहून लांब असेल, मध्ये मध्ये निरोगी जागा असतील, आतडे अरुंद झाले असेल, गुदद्वारापाशी भगंदर असेल, तर “कोलायटिस वर चढला” हे वाक्य ऐकून घेऊ नका.

खऱ्या बॅकवॉश इलिआयटिसच्या रुग्णात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे यकृत. पित्तनलिका आकसण्याचा एक आजार अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या थोड्या रुग्णांत असतो आणि अशांत बॅकवॉशचे प्रमाण जास्त दिसते. अंगाला खाज, डोळे पिवळे, किंवा रक्ततपासणीत अल्कलाईन फॉस्फेटेज वाढलेले, हे दुर्लक्षू नये.

गोंधळ जुनाच आहे

१८५९ साली इंग्लंडमध्ये इसाबेला बँक्स नावाची बाई जुलाब-उलट्यांनी झिजून मेली. तिच्याबरोबर राहणाऱ्या डॉ. थॉमस स्मेथर्स्टवर विषप्रयोगाचा आरोप आला आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. पुढे कळले की रासायनिक तपासणीत सापडलेले आर्सेनिक तपासणीच्याच साहित्यातून आले होते. शिक्षा रद्द झाली. तिचे आतडे तपासले होते लंडनच्या गायज हॉस्पिटलचे डॉ. सॅम्युअल विल्क्स यांनी, आणि त्यांच्या त्या वर्णनापासून अल्सरेटिव्ह कोलायटिसचा इतिहास सुरू होतो असे मानतात. गंमत अशी की त्या वर्णनात लहान आतड्याचा शेवटचा भागही सुजलेला होता. म्हणून आजचे बरेच तज्ज्ञ म्हणतात, तो क्रोन्स असावा. म्हणजे ज्या पहिल्या रुग्णावरून या आजाराला नाव मिळाले, तिथेच लहान आतड्याने घोटाळा करून ठेवला होता!

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी १४ रुग्णांवरून टर्मिनल इलियमचा हा वेगळा आजार मांडला. त्याआधी अशा रुग्णांना बहुधा आतड्याचा टीबी आहे असेच धरले जाई. आपल्याकडे आजही अनेकदा तेच होते.

“टीबी समजून सहा महिने देऊन बघू”

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकते, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

बाजू त्यांचीही समजते. जगातले साधारण चौथ्या हिश्श्याचे टीबीचे रुग्ण भारतात आहेत. आतड्याचा टीबी होतो तो बहुधा याच जागेवर. गोळ्या सरकारकडून मोफत मिळतात. रोह्याच्या रुग्णाला कोलोनोस्कोपीसाठी पनवेल किंवा नवी मुंबई गाठावी लागते, एक दिवसाची मजुरी बुडते, सोबत माणूस लागतो, खर्च वेगळा. मग “देऊन बघू, गुण आला तर टीबी होता” हे सोपे वाटते.

पण तपासायचे ठरवले तर हा हिशेब चुकतो. पहिले कारण, “गुण आला” हे ठरवायचे कशावरून? क्रोन्समध्ये लक्षणे आपोआप कमी-जास्त होतात. टीबीच्या गोळ्यांवरही क्रोन्सच्या बऱ्याच रुग्णांना सुरुवातीचे काही आठवडे बरे वाटते, भूक लागते, एखादा किलो वजन वाढते. आत अल्सर तसेच असतात. दुसरे, या गोळ्यांनी यकृताला इजा होऊ शकते, हे साखरेच्या गोळ्या देण्यासारखे नाही. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. दिल्लीच्या एम्समधील पोटविकारतज्ज्ञांनी क्रोन्सच्या रुग्णांचा अभ्यास करून दाखवले आहे की निदान ठरवण्यासाठी ज्यांना आधी टीबीची औषधे दिली गेली, त्यांच्यात पुढे आतडे अरुंद होण्याचे प्रमाण जास्त होते. गमावलेले महिने परत मिळत नाहीत.

मी टीबीच्या औषधांविरुद्ध नाही. तुकडा काढून तपासला, टीबीचे जंतू किंवा त्याच्या खास गाठी दिसल्या, किंवा फुप्फुसात टीबी सापडला, तर सहा महिन्यांचा कोर्स एकही दिवस न चुकवता घ्या. आणि तुकडा तपासूनही टीबी की क्रोन्स हे ठरत नाही, असेही खरेच होते. आतड्याच्या टीबीत जंतू थोडे असतात, त्यामुळे सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असे म्हणता येत नाही. अशा वेळी टीबीचे औषध चाचणी म्हणून देणे योग्य आहे. फक्त चाचणी म्हटली की निकाल पाहावा लागतो. साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून अल्सर भरत आले का ते बघायचे. टीबी असेल तर भरत आलेले दिसतात. ही दुसरी दुर्बीण न करता सहा महिने, मग “अजून तीन महिने”, मग “वर्षभर” अशा गोळ्या चालू ठेवणाऱ्यांना माझा प्रश्न आहे की तुम्ही नेमके काय बघता आहात?

जाता जाता लहान मुलांचे. शाळेतल्या मुलाचे पोट दुखते, सोनोग्राफीत चार बारीक गाठी दिसतात, आणि टीबीचे औषध सुरू होते. निरोगी मुलांच्या पोटातही अशा बारीक गाठी दिसतात. मूल खेळते आहे, वजन वाढते आहे, ताप नाही, तर नुसत्या गाठींवर औषध सुरू करू देऊ नका.

स्टेरॉईड आणि दुखण्याच्या गोळ्या

दुसऱ्या टोकाला आहेत ती मेडिकलमधून परस्पर आणलेली स्टेरॉईड. जुन्या चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन मिळते, दोन दिवसांत रक्त थांबते, माणूस खूश. पण स्टेरॉईड कुठलीही सूज उतरवते. टीबीचीही आणि अमिबाचीही. अमिबाच्या आमांशावर स्टेरॉईड पडले तर आतडे फुटू शकते. म्हणून सुरू करण्याआधी शौचाची साधी तपासणी आणि छातीचा एक्स-रे तरी हवाच. खऱ्या कोलायटिसच्या भडक्यात स्टेरॉईड जीव वाचवते, १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी हे सिद्ध केले. तेव्हापासून हेही माहीत आहे की ते आग विझवायचे औषध आहे, रोज घ्यायचे नाही. ठरलेल्या डोसने सुरू करून काही आठवड्यांत पायरी पायरीने उतरवून बंद करायचे, एकदम सोडायचे नाही. वर्षानुवर्षे रोज पाच-दहा मिलिग्रॅमवर ठेवलेले रुग्ण मी पाहतो. साखर वाढलेली, हाडे ठिसूळ, मोतीबिंदू लवकर, आणि आतडे बरे झालेलेच नसते.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल पेणकरांशी खास बोलायचे आहे. आषाढ-श्रावणात गणपतीच्या कारखान्यांत रात्र रात्र बसून रंगकाम, आखणी चालते. पाठ आणि मान धरते. डायक्लोफेनॅकची गोळी चहासारखी घेतली जाते. भातलावणीच्या दिवसांत शेतात तेच, धाटावच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्यांचेही तेच. या गोळ्या फक्त जठराला लागतात आणि सोबत ॲसिडिटीची गोळी घेतली की झाले, असा समज आहे. लहान आतड्याला ॲसिडिटीच्या गोळीचे संरक्षण मिळत नाही. तिथे अल्सर होतात, ते दुर्बिणीत क्रोन्ससारखे दिसू शकतात, आणि ज्यांना आधीच कोलायटिस आहे त्यांचा आजार या गोळ्यांनी उसळू शकतो. गोळ्या बंद केल्यावर सूज उतरली, एवढ्यावर निदान झाले असेही घडते. म्हणून डॉक्टरांना न विचारता सांगा की काय घेता, किती घेता. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते.

आणि हायवेच्या कडेचे ते बोर्ड! “मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन.” रक्त पडले की मूळव्याध, हे समीकरण आपल्या डोक्यात इतके पक्के आहे की लोक वर्ष-वर्ष मलम लावत बसतात. मूळव्याधीत रक्त सहसा शौचानंतर थेंब थेंब किंवा धार लागून पडते. त्यासोबत आव, जुलाब, ताप, वजन घटणे आणि रात्री उठावे लागणे येत नाही. हे असेल तर मलम पुरे करा.

कोलोनोस्कोपीला जाताना

एवढा खर्च करून जायचे तर तपासणी पूर्ण होऊ द्या. रिपोर्टमध्ये “टर्मिनल इलियम पाहिले” असे लिहिलेले असले पाहिजे. कित्येक रिपोर्ट झडपेपाशी थांबलेले असतात, आणि तुमचा प्रश्न तर झडपेच्या पलीकडचा आहे! तपासणीच्या आधीच विचारा: झडपेच्या आत जाणार ना? तिथले तुकडे घेणार ना? मोठ्या आतड्याचे तुकडे सुजलेल्या आणि निरोगी दिसणाऱ्या दोन्ही जागांवरून, वेगवेगळ्या बाटल्यांत घेणार ना? हे विचारणे उद्धटपणा नव्हे. चांगला तज्ज्ञ रागावत नाही. दुर्बीण पोहोचत नसेल तर पुढच्या लहान आतड्यासाठी खास पद्धतीचा सीटी किंवा एमआरआय करतात.

आता एक गोष्ट शहरातल्या डॉक्टरांच्या लक्षातच येत नाही. सकाळी नऊची वेळ देतात आणि पहाटे पोट साफ करायचे औषध प्यायला सांगतात. रोह्याच्या माणसाने ते पिऊन मुंबई-गोवा हायवेवर एसटीत बसायचे कसे? दिवा-रोहा गाडीतही तेच हाल. त्यामुळे लोक औषध अर्धेच पितात, आतडे साफ होत नाही, तपासणी वाया जाते. दुपारची वेळ मागून घ्या. पनवेल-कामोठ्याला नातेवाईक असतील तर आदल्या रात्री त्यांच्याकडे मुक्काम करा. औषधाचे दोन भाग करून घेता येतात, हेही विचारा. मात्र दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे शौच, सोबत ताप, नाडी नव्वदच्या वर, पोट फुगलेले, अशी अवस्था असेल तर ही वाट नाही. तेव्हा जुलाबाचे औषध पिणेच धोक्याचे. सरळ मोठ्या रुग्णालयात दाखल व्हा.

नाव बदलले की उपचार बदलतो

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मेसालामाईन हे पायाचे औषध. बरे वाटले म्हणून बंद केले की आजार उलटण्याची शक्यता बरीच वाढते, आणि बहुतेक जण तेच करतात. डाव्या बाजूच्या आजारात गोळीबरोबर एनिमा किंवा गुदद्वारातून ठेवायची गोळी दिली तर गुण जास्त येतो. लाजेपोटी ती पिशवीतच राहते. बॅकवॉश असेल तरी उपचार हाच. पण लहान आतड्याच्या क्रोन्सला मेसालामाईनचा फारसा उपयोग नाही. चुकीच्या नावाखाली वर्षानुवर्षे त्या महाग गोळ्या घेणारे लोक आहेत. क्रोन्सला ॲझाथायोप्रीन, बायोलॉजिकल इंजेक्शने अशी वेगळी औषधे लागतात, आणि ती सुरू करण्याआधी शरीरात झोपलेला टीबी नाही ना, हे पाहावेच लागते. ऑपरेशनची वेळ आली तर फरक आणखी मोठा. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठे आतडे काढून लहान आतड्याची पिशवी करून जोडता येते. नंतर कळले की तो क्रोन्स होता, तर त्या पिशवीतच आजार परत येऊन ती निकामी होऊ शकते.

पथ्याबद्दल थोडेच सांगतो, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त बोलले जाते. भडका असताना मऊ भात, पेज, ताक सोसत असेल तर ताक, मासे, अंडी. शांत काळात घरचे सगळे जेवण. हिवाळ्यात हमखास विचारतात, “डॉक्टर, पोपटी चालेल का?” आजार शांत असेल आणि आतडे कुठे अरुंद नसेल तर खुशाल खा. अरुंद असेल तर वालाच्या शेंगांची चिवट साले अडकून पोट फुगू शकते, तेव्हा दाणे खा, साले टाका. लहान आतडे सुजलेले असेल तर लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. तंबाखूचे सांगायचे तर क्रोन्स सिगारेटने बळावतो.

हा आजार म्हणजे आयुष्य संपले, असे समजून मुलींची लग्ने लपवाछपवीत करणाऱ्या आयांना सांगतो: जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना तरुणपणापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. २००७ साली त्यापायी पद सोडावे लागले, पुढे नव्या औषधावर ते सावरले आणि २०१२ ते २०२० इतका काळ पुन्हा पंतप्रधान राहिले. आजार शांत असताना दिवस राहिले तर बाळंतपणही बहुधा नीट पार पडते. मेसालामाईन गरोदरपणात चालू ठेवतात, सासरच्यांना कळेल म्हणून ते बंद करणे जास्त धोक्याचे.

पूर्ण मोठे आतडे आजारी असलेल्यांनी आठ वर्षांनंतर, काही त्रास नसला तरी, कॅन्सरच्या तपासणीसाठी ठरावीक काळाने दुर्बीण करून घ्यायची असते. पित्तनलिकांचा आजार असेल तर निदान झाल्यापासूनच. त्यासाठी पहिला रिपोर्ट, फोटो आणि बायोप्सीचा कागद जपून ठेवा. पावसाळ्यात फाईल भिजते, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. आणि निदानाबद्दल शंका राहिली तर पुन्हा तुकडे काढायची घाई करू नका. आधीच्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये असतो. तो अर्ज देऊन मागता येतो आणि पोटाच्या बायोप्सी रोज पाहणाऱ्या मुंबईच्या पॅथॉलॉजिस्टकडून दुसरे मत घेता येते. ब्लॉक एसटीच्या प्रवासात गाडीच्या बोनेटजवळ ठेवू नका, मेण वितळते.